घरागणिक वेगळं उत्तर

सर, तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं झाली आणि मी अजून त्या एकाच प्रश्नात अडकलोय. खरं कुठलं होतं, तेच मला कळत नाही.

अहेरीच्या शाळेतला मी नवा मास्तर. तुम्ही आदिवासींच्या अभ्यासाला आलेले प्रोफेसर. मला गोंडी येते म्हणून दुभाष्या म्हणून सोबत घेतलंत. तुम्ही तापानं फॉरेस्टच्या बंगल्यात पडून, म्हणून जवळच्या माडिया गावात मी एकटाच फॉर्म घेऊन गेलो. तुमची ताकीद एकच: प्रत्येक घराला वेगळं विचारायचं. प्रश्न साधा होता, भांडण झालं तर कोण बरोबर, कोण चूक, हे तुम्ही कसं ठरवता? पहिल्याच घरातली म्हातारी हसली. गोंडीत म्हणाली ते आपल्या बोलीत असं: "मले एकटीले कसं मालूम राहीन, मास्तर? सारे बसू, मंग समजते." पुढच्या घरीही तेच. दुपारी सारं गाव मोहाच्या झाडाखाली बसलं, चांगलं तासभर बोललं आणि एकच उत्तर निघालं. मी ते इमानदारीनं प्रत्येक घराच्या फॉर्मवर उतरवलं.

अजून डोळ्यांपुढं आहे: संध्याकाळी बंगल्यात तुम्ही फॉर्म चाळताय आणि तुमच्या कपाळावर आठ्या चढताहेत. "मास्तर, ही तर नक्कल आहे! गावाचं मत नकोय मला, माणसाचं हवंय. उद्या पुन्हा जा." असा राग आला होता मला! गाव आणि माणूस वेगळं काढायला ते काय तांदळातले खडे होते? पण तुमच्यापुढं बोलायची हिंमत नव्हती. दुसऱ्या दिवशी म्हातारी म्हणाली, "काल तं सांगतलं. आता काऊन विचारून राह्यला? आमचं काही चुकलं का?" मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग नाल्याकाठी बसून सगळे फॉर्म मीच भरले, घरागणिक वेगळं उत्तर.

ते वाचून काय खूश झालात तुम्ही बाप्पा! "इथं एकट्यानं विचार करणारा माणूस तयार होतोय," म्हणालात आणि खिशातलं शाईचं पेन माझ्या हातात ठेवलंत. त्या फॉर्मवर तुमचं पुस्तक उभं राहिलं. मला नागपूरला कॉलेजात तुम्हीच घातलंत आणि पुढं चांद्याच्या कॉलेजात मी जन्मभर तेच पुस्तक शिकवलं.

दर सुट्टीत तुमच्याकडं आलो की खरं सांगणार होतो. राहून गेलं. आता डोकं भणाणतं ते असं, की ती उत्तरं खोटी म्हणावीत, तर तीही कुणीतरी विचार करूनच लिहिली होती. एकात माझ्या बापाचं म्हणणं होतं, एकात आईचं, उरलेली माझी. तुम्हाला सापडलेला तो एकटा माणूस मीच होतो, सर. आणि मी तरी एकटा कुठं होतो? तुमच्या धाकानंच तर लिहीत होतो.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार म्हणा. परवा एक मुलगी आली होती, त्याच भागात संशोधन करायचंय म्हणाली. आधी काय वाचू, तिनं विचारलं. म्हातारीचं सांगायला मी तोंड उघडलं, आणि उठून कपाटातलं तुमचं पुस्तक काढून दिलं.