पिवळ्या पट्टीच्या आत

बाबा,

वाळूजच्या आपल्या कारखान्यातली जमिनीवरची पिवळी पट्टी अजून आहे. तुमच्या काळी आपला माल घेणाऱ्या जर्मनीतल्या मोठ्या कंपनीचे साहेब पाहणीला आले, की कामगारांनी आपापलं मशीन सोडून त्या पट्टीबाहेर हात मागं बांधून उभं राहायचं. एकदा तुम्ही हललाच नाहीत, लेथवर हात ठेवून तिथंच थांबलात. त्या संध्याकाळी पुंडलिकनगरच्या घरी आई भाकरी थापता थापता कडाडली, "काढून टाकलं असतं म्हंजी? लेथ जेवू घालणार व्हता व्हय?" तुम्ही हसत म्हणालात, "पाहुणा आला म्हणून घरधनी अंगणात जातो का? जो चालवतो त्याचं मशीन."

पुढं मी पुष्कळ वाचलं. इंग्रजांच्या काळी आपला कापूस बोटीनं विलायतेला जायचा, कापड होऊन यायचा, आणि दोन्हींचा भाव तिकडंच ठरायचा. युनियनची अध्यक्ष झाल्यावर प्रत्येक गेटसभेत मी घसा फोडून सांगत आले, की हे वारं फिरणार. बाबा, फिरलं! त्याच जर्मन कंपनीचा कारखाना आपल्या मालकांनी विकत घेतला. तिकडचं काम बंद झालं आणि त्यांचं सगळ्यात मोठं मशीन वाळूजला आलं. सोबत ते शिकवायला तिथला एक म्हातारा फिटर आला. ट्रेलर गेटातून आत वळला तेव्हा माझा ऊर भरून आला होता.

काल त्या मशीनची पूजा होती. मालक नारळ फोडणार म्हणून मॅनेजरनं त्या फिटरला पट्टीबाहेर उभं केलं. तो हात मागं बांधून मशीनकडं बघत राहिला, लेकीच्या पाठवणीला बाप बघतो तसा. मागून आपलं एक पोरगं कुजबुजलं, "राहू द्या त्याला तिथंच ताई, लई वर्षं आपण उभे होतो. आता त्यांची पाळी."

माईक माझ्या हातात होता. विजयाचं घणाघाती भाषण तयार होतं. त्यातलं मी काहीच बोलले नाही. म्हणाले, "जो चालवतो त्याचं मशीन. याला आत घ्या." आणि मीच त्याचा दंड धरून त्याला पट्टीच्या आत आणलं. त्यानं मशीनवर हात टेकवला, तर ताजं कुंकू तळव्याला लागलं. त्यानं ते पुसलं नाही. ज्या पोरानं पाळीची भाषा केली होती, त्यानंच नारळ त्याच्या हातात दिला. मालक बाजूला सरकले.

बाबा, सत्ता आपल्या हाती आली, आणि आपण कुणाला पट्टीबाहेर ठेवलं नाही. याचा मला त्या खरेदीपेक्षा जास्त अभिमान आहे.

टाळ्या खूप वेळ वाजत होत्या. ते वाक्य तुमचं आहे, हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही.