गोटीरामांनी माझं नाव घ्यावं म्हणून

मी, भागुबाई गोटीराम साळवे, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त परिचारिका, धर्माने ख्रिस्ती, राहणार शरणपूर रोड, नाशिक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने लिहून ठेवते. कर्करोग पोटात आहे, डोक्यात नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलं नव्हतं, कारण यजमान माझ्या आधी जातील असं सगळ्यांनीच धरून ठेवलं होतं.

१. राहतं घर माझ्या पगारातून घेतलेलं, स्वकष्टार्जित आहे. ते व बँकेतली शिल्लक आमच्याजवळ राहणारी माझी भाची साधना हिला मिळावी. अट एकच. माझे यजमान जिवंत असेतोवर त्यांना या घरातून हलवू नये. त्यांना अर्धांगवायू होऊन वाचा गेली, तेव्हा ते आग्रा रोडवर ट्रक चालवत होते आणि आमचा मनोज कॉलेजात होता. आता मनोजचे केस पिकले. तेवढा काळ मी रोज सकाळी यजमानांचं अंग पुसून त्यांच्या खाटेशी गुडघे टेकले आणि एकच मागितलं: प्रभू, यांना बोलतं कर.

२. चिरंजीव मनोज यास घरात हिस्सा नाही. "आई, देवाने केव्हाच नाही म्हटलंय. तुलाच ऐकू येत नाही," असं तो म्हणाला आणि त्याच बैठकीत बाबांना आश्रमात ठेवून घर विकायचं काढलं. बाबांच्या पश्चात त्यांची चाकांची खुर्ची त्याला द्यावी. रक्तदाब वडिलांकडून त्याच्याकडे आलाच आहे.

३. आमच्या मंडळीचे पाळक मला म्हणाले होते, "भागुबाई, प्रार्थना अडते म्हणजे घरात कुठेतरी पाप लपलेलं असतं. शोधा." मी उपास केले, स्वतःला उलटंपालटं करून पाहिलं. सापडलं नाही. मग गेल्या नाताळाच्या आधी एका सकाळी पेज भरवताना यजमानांनी माझं मनगट धरलं. ओठ हलले. "नवसा," ते म्हणाले.

मला वाटलं, नवस म्हणताहेत. आमच्यात नवस बोलत नाहीत. मी चमचा ठेवून तिथेच रडत देवाचे आभार मानले. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा स्पष्ट म्हणाले, "नवसाबाई."

पाळकांनी रविवारच्या उपासनेत साक्ष दिली की आपल्या गोटीरामांचा पहिला शब्द 'येशू' होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या दफनाच्या वेळी त्यांनी ही साक्ष पुन्हा काढली, तर साधनाने उभं राहून खरा शब्द सांगावा. मोठ्याने.

४. यजमानांचे जुने क्लीनर मंगळू यांना मी विचारलं, ही नवसाबाई कोण. ते चपलेकडे बघत म्हणाले, "वहिनी, चांदवडच्या अलीकडे चहाची टपरी होती तिची. उस्ताद तिथंच मुक्काम करायचे." मी त्यांनाच गाडी करून तिला आणायला लावलं.

नवसाबाई आली. माझ्याच वयाची, दात पडलेली. यजमानांचा चेहरा असा उजळला, जसा माझ्यासाठी लग्नातही उजळला नव्हता. ते तिचं नाव घेत राहिले. ती वाकून बघत म्हणाली, "कोन हाय हे? लय डायवर यायचे, बाई. कोनाकोनाला ध्यानात ठेवू?" चहा घेऊन ती निघून गेली. यजमान लहान मुलासारखे रडले. मी त्यांचं तोंड पुसलं, जरा जोरातच.

माझं सोन्याचं मंगळसूत्र या नवसाबाईला पोचवावं. तिने त्यांना ओळखलं नाही, याचा मला झालेला आनंद मी देवापासूनही लपवलेला नाही.

५. त्यानंतर यजमान पाणी मागतात, साधनाला आणि मांजरालासुद्धा नावाने हाक मारतात. मला "ए" म्हणतात. म्हणून मी प्रार्थना बदलली. त्यांनी एकदा माझं नाव घ्यावं, एवढंच मागते. आजही गुडघे टेकले. उठताना साधनाने धरलं. हा विश्वास आहे की खोड, हे आता देवानेच ठरवावं. मी थांबणार नाही.

६. माझ्या मागे त्यांनी "भागू" अशी हाक मारली, तर कोणीही ओ देऊ नये. मी मेले हेही सांगू नये. त्यांना हाक मारत राहू द्यावं.

हे कलम उतरवून घेतल्यावर मृत्युपत्र लिहून देणाऱ्या वकीलसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "बाई, हे राहू द्यायचं?"

"राहू द्या," मी म्हणाले.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे, त्यात कोणी गोडवा मिसळू नये.

ठिकाण: नाशिक
दिनांक: ९ जानेवारी २०२५

सही: भागुबाई गोटीराम साळवे

साक्षीदार, आमच्या समक्ष सही केली:
१. डॉ. गौरांग दीक्षित, नाशिक
२. मंगळू सखाराम पगारे, द्वारका, नाशिक (डाव्या अंगठ्याचा ठसा)