हिरवी राहिलेली तिळाची झाडं

वासणा, बडोदे

प्रिय अवनी,

फोनवर तू बोलतेस तेव्हा शेजारी कोणीतरी असतंच, आणि तू "सगळं छान आहे" म्हणून ठेवून देतेस. म्हणून हे तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय. हात दुखताहेत, अक्षर लावून घे.

रिफायनरीतून निवृत्त होऊन तुझ्या बाबांनी बाजवा गावापलीकडे जमिनीचा तुकडा घेतला, तेव्हापासून माझ्या पाठीला आराम नाही. यंदा तीळ पेरला तो तुझ्यासाठी. लग्नानंतरची तुझी पहिली संक्रांत, तिळवणाचे लाडू घरच्या तिळाचेच हवेत म्हणे. बाजारातले तीळ काय संपलेत? पण ऐकतील तर ते बाबा कसले.

श्रावणात पीक फुलावर आलं. काही झाडं मात्र फुलेनात. शेंड्याला नुसते पानांचे झुपके, आणि हिरवीगार इतकी की बघत राहावं. शेजारचे रमणभाई बांधावरून म्हणायचे, "काका, तल तो मस्त लीला छे." तीळ मस्त हिरवा आहे म्हणे, बाबा खूश. मग मृदुला आली, शेतकी कॉलेजात शिकवणारी तुझी मामेबहीण. बघताच म्हणाली, आत्या, हा पर्णगुच्छ रोग. फुलांचीच पानं होतात, बोंड धरत नाही. तुडतुडे रोगट झाडाचा रस पितात आणि रोग चांगल्या झाडावर नेतात. फवारणी तुडतुड्यांसाठी, रोगट झाड उपटूनच टाकायचं.

बाबांना पटेना. जरा वास आला की प्लांट बंद करायला लावणारा माणूस, इथे म्हणाला, इतकं हिरवं झाड उपटायचं? थांबू, फुलेल. फवारलं, बांधावरचं तण काढलं, पण त्या झाडांना हात लावू देईनात. मी वाद घालून थकले. हळूहळू शेजारच्या ओळींतही झुपके दिसू लागले.

तुझ्यावरूनही आमचं असंच चाललं होतं. गौरींना तू आली नाहीस. मी म्हणायची, पोरीचा आवाज बदललाय. हे म्हणायचे, एवढं मोठं घर, दारात गाडी, माणसं किती गोड बोलतात. स्थळ त्यांनीच आणलेलं ना.

काल शेतात गेलो. बाबा वाकले आणि ती झाडं उपटायला लागले. मीही लागले. सगळी खड्ड्यात पुरली. मग मातीचे हात तसेच घेऊन बांधावर बसले आणि म्हणाले, "पद्मा, फार थांबलो गं. अवनीला लिही, निघून ये म्हणावं."

म्हणून हे पत्र. तीळ थोडाच हाती येईल. तिळवण होवो न होवो, लाडू मी करणार आहे. लोकांना काय सांगायचं ते आम्ही बघू. तिथे काय झालं ते आम्हाला सांगावंसं वाटलं तर सांग, नाहीतर राहू दे. गाडी कोणती तेवढं कळव. बाबा स्टेशनवर उभे असतील.

तुझीच,
आई