ड्रॅगनराजाला मारायचं नाही

सहावा महिना, दहा. सकाळ.
आजपासून रोज लिहायचं. अक्षर अडलं तर चित्र काढायचं. आमच्या चिनीत ड्रॅगनचं एकच अक्षर, पण त्याला इतक्या रेघा की मी सरळ गांडूळ काढते. राजा रागवायचा नाही, त्याचं देऊळ मीच झाडते.
आज मन भरून आलंय. आमची वेनशिन, माझी नात, माझ्या ओट्यावर बसून फोनवर वाचायची कादंबरी लिहितेय, आणि त्यात खुद्द आपला समुद्राचा ड्रॅगनराजा आहे! म्हातारा, चष्मेवाला. वरून पावसाची ऑर्डर फोनवर येते आणि त्याला फोनच उचलता येत नाही. त्याचा खेकडा सेनापती ऑफिसात झोपा काढतो. वाचून दाखवते तेव्हा हसून हसून माझी कवळी निसटते.
एकच वाईट. शेवटी ती राजाला मारणार. वादळ शमवायला तो आपला जीव असलेला मणी सोडून देतो आणि संपतो. मग गोष्ट संपली, आणि मग ती हांगचौ शहरात कंपनीत नोकरीला जाणार. नोकरीचं मला काही नाही, जावं पोरीने. पण देवाच्या अब्रूचा प्रश्न आहे. उद्या समजावते. एका दिवसाचं काम.

अकरा.
समजावलं नाही. आधी पोटात काही पडू दे म्हटलं. कालवांचं आमलेट केलं. खाऊन ती झोपली. झोपलेल्या माणसाला काय समजावणार?

तेरा. राजाचा वाढदिवस.
दमले. पालखी, झेंडे, होड्या, नैवेद्याचं डुकराचं मुंडकं, सगळं माझ्या नजरेखाली. शेजारची आ-हुई नुसती सावलीत बसून भुईमूग खात होती. मी तिला कादंबरीचं सांगितलं. ती म्हणाली, वाढदिवसाला देवाचं मरण काय काढतेस. बरोबरच आहे. वेनशिनला म्हणाले, आ-हुई रागावली आहे बघ. वेनशिन म्हणाली, आ-हुई आजींनाच शेवट सगळ्यात आवडलाय, मी फोनवर सांगितला तर रडल्या.
आ-हुईला मैत्रीण म्हणायचं बंद.

सतरा.
नवी युक्ती, आणि फारच हुशारीची. राजाला मारायचं नाही तर त्याला उसंत द्यायची नाही. त्याला मुली किती, जावई कसले, व्याही कोण, हे लोकांना कळायला नको का? सगळं माझ्याकडे आहे, माझ्या आजीकडून आलेलं. धाकटीच्या लग्नाचंच सांगायला दोन वेळची जेवणं लागली. मधे माझ्या स्वतःच्या लग्नाचं आलं, होडी उलटली होती आणि सासूबाईंची गादी वाहून गेली, पण ते वेगळं. वेनशिनने लग्नाचा भाग घातला. आता गोष्ट वर्षभर संपत नाही.

एकोणीस.
वाचणारे म्हणतात, हा भाग कुठल्या म्हातारीने लिहिलाय. वेनशिनने तो काढून टाकला. मला वाईट नाही वाटलं. आजकालच्या वाचकांना व्याही म्हणजे काय ते ठाऊक नसतं.

बावीस. दुपार.
माणसांकडून काम होत नाही, वर जायला हवं. देवाचा कौल घ्यायचा. एवढं साधं मला आधी कसं सुचलं नाही! देवापुढे दोन लाकडं टाकायची, एक बाजू सपाट, एक फुगीर. एक लाकूड उताणं, एक पालथं पडलं तर हो. दोन्ही उताणी तर देव हसला. दोन्ही पालथी तर नाही. लागोपाठ तीनदा हो आलं की वेनशिनसुद्धा कौल मोडणार नाही. तिनेच कबूल केलं. मी राजाला विचारणार, 'तुला गोष्टीत जिवंत ठेवू ना?' कोण नाही म्हणेल? हे काम आजच संपलं असं धरायला हरकत नाही.

बावीस. संध्याकाळ.
दोन्ही पालथी. फरशी ओली होती.

तेवीस.
फरशी पुसली. देव हसला. हसला म्हणजे खूश आहे, पण नियमात बसत नाही म्हणे.

चोवीस.
पालथी. आज मी घरचा पत्ता सांगायला विसरले. पत्त्याशिवाय देवाला कसं कळणार कोण विचारतंय. परत टाकली. परत पालथी. मग हसला. आ-हुई दारात उभी होती. मैत्रीण नाही तरी रोज येते. म्हणाली, 'अगं, त्या बिचाऱ्याला जरा टेकू दे. नवरा असता तर एव्हाना घर सोडून गेला असता.' मी तिच्याकडे बघितलं नाही.

सव्वीस.
एकदा हो आलं! मग पालथी. तरी एकदा आलं. राजाचं मन वळतंय. माझी कंबर मात्र दरवेळी वाकून मोडते. अननस, अळूचे सुके कंद, सिगारेट सगळं ठेवलं. राजा सिगारेट ओढत नाही, पण कुणी पाहुणा आला तर.

अठ्ठावीस.
वेनशिन आज माझ्यामागोमाग देवळात आली. कंपनीचा फोन आला होता, सोमवारी हजर व्हा म्हणे. मी लाकडं टाकली. पालथी. मग तिने माझ्या हातातून लाकडं घेतली, गुडघ्यावर बसली आणि राजाला सरळ विचारलं, गोष्टीत तुम्हाला जाऊ देऊ का.
हो.
हो.
हो.
लागोपाठ. मी लाकडं तपासली, फरशी तपासली. सगळं कोरडं होतं.
मग ती तिथेच बसल्या बसल्या म्हणाली, 'आजी, इतके दिवस तू याला विचारतेयस. मला एकदाही विचारलं नाहीस.'
काय विचारायचं होतं गं, मी म्हणाले. देवाच्या अब्रूचाच प्रश्न होता.
ती हसली, आणि माझी कंबर दाबून दिली.

सातवा महिना, एक.
राजा गेला. वेनशिनने वाचून दाखवलं. मणी सोडतो, वादळ निवतं, आणि शेवटी तो म्हणतो, आता कुणीतरी दुसरं पाऊस पाडा, मी थकलो. चांगलं लिहिलंय. किती शतकं पाडायचा पाऊस एकट्याने! मला रडू आलं. आ-हुईही रडली, पण ती आधीच रडून आली होती, तिचं काय कौतुक.

तीन.
वेनशिनला सकाळच्या होडीत बसवून आले. मोठी बॅग, दोन डबे कालवांची चटणी, तिला नको होते तरी. आ-हुईला सांगितलं, मीच पाठवली, पोरीने शिकलेलं वाया जाऊ नये. ती म्हणाली, हो का. मग तिने मला हाताला धरून धक्क्यावरून वर आणलं.
दुपारी देवळात गेले. पुढच्या महिन्यात मध्य-शरदाच्या सणाला पोर येईल का, एवढं विचारायचं होतं. लाकडं समोरच होती. उचलली नाहीत. कंबर वाकत नाही अलीकडे.