सबनीस व इतर

पुणे,
१४ सप्टेंबर २०१६

प्रिय हुस्नबानू हिस,

सप्रेम नमस्कार. गुडघा कसा आहे? हडपसरच्या तुझ्या इमारतीतली लिफ्ट चालते, की सोसायटीच्या अध्यक्षांसारखी अधूनमधून दर्शन देते? माझं म्हणशील तर रक्तदाब सोडून सगळं उतरलंय. पत्र लांबणार आहे, तेव्हा सूनबाईंना चहा टाकायला सांग.

परवा आपल्या संस्थेतून बोलावणं आलं. कसब्यातल्या तांबट आळीच्या गटारात सापडलेल्या, तांबं पचवणाऱ्या जंतूवरचा १९८० सालचा तो शोधनिबंध. त्याचा उल्लेख म्हणे जगभरच्या शास्त्रज्ञांनी आपापल्या निबंधांत हजाराव्यांदा केला, म्हणून समारंभ. निबंधावर पहिलं नाव आपले साहेब डॉ. सबनीस, दुसरं त्यांचे मेहुणे दीनानाथ (प्रयोगशाळेत यांनी फक्त डबा खाल्ला) आणि तिसरं माझं. पण तीन नावं लिहायला जगाला वेळ नाही, म्हणून हजारही ठिकाणी छापलंय 'सबनीस व इतर'. म्हणजे मी हजार वेळा 'इतर' झाले. माझ्या उरलेल्या सोळा निबंधांचे मिळून एकेचाळीस उल्लेख आहेत, आणि त्यातले नऊ माझे मीच केलेत. (हसू नकोस. सगळेच करतात.)

सभागृहात गेले तर पहिल्या रांगेत साहेबांचा मुलगा. बोस्टनला टायर विकतो, जंतू त्याने फक्त पोट बिघडल्यावर ओळखलेले. त्याला शाल, मानपत्र आणि चांदीचा सूक्ष्मदर्शक. मला नारळ. माझी खुर्ची तिसऱ्या रांगेत, आणि तिच्यावर चिठ्ठी काय, तर 'इतर मान्यवर'! संचालिका वासंतीबाई (मी त्यांना एमएस्सीला शिकवलंय, याचा पश्चात्ताप आहे) म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही दोन शब्द बोला, पण दोनच हं." मी बावीस मिनिटं बोलले. साहेब गटाराजवळून जाताना नाकाला रुमाल लावत, मेहुण्यांना जंतू आणि जंत यांतला फरक शेवटपर्यंत कळला नाही, सगळं सांगितलं. टायरवाला लाल झाला. सांग मला, दुसऱ्याच्या कष्टांवर आपलं नाव घालताना माणसाला रात्री झोप कशी लागते? कॉन्व्हेंटात सिस्टर एवढ्यासाठी आपल्या बोटांवर पट्टी मारायच्या, आठवतं?

शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, "मॅडम, जंतू वाढवायच्या प्लेट्स तर तिसऱ्या दिवशी धुवायला टाकतात. हा जंतू दहाव्या दिवशी दिसतो. तुम्ही दहा दिवस का ठेवल्या?" मी म्हटलं, "चिकाटी." टाळ्या पडल्या. मी नारळ घेऊन घरी आले. तो अजून फोडलेला नाही.

नातवंडांना आशीर्वाद.

तुझी,
सुहासिनी

ता. क. त्या मुलीचा प्रश्न डोक्यातून जात नाही. १९७९ च्या गणपतीत आम्ही सगळे रजेवर गेलो आणि तुला म्हटलं, "तुला काय, तुझ्याकडे गणपती नाहीत, तू थांब." प्लेट्स धुऊन ठेव, असंही मीच बजावलं होतं. तू धुतल्या नाहीस. रोज उघडून बघत राहिलीस, आणि दहाव्या दिवशी तो हिरवा ठिपका कागदावर काढून ठेवलास. मी परत आले आणि तुझा कागद माझ्या वहीत माझ्या अक्षरात उतरवला. वडील गेले म्हणून तुझं कॉलेज सुटलं होतं, तू मदतनीस होतीस आणि मदतनिसांची नावं घालत नसत. साहेबांनी मला विचारलं नाही, तसं मीही तुला विचारलं नाही. तू एकदाही बोलली नाहीस. तेवढं तरी बोलायचं होतंस, बाई.

ता. क. २. सोबत तो निबंध छापणाऱ्या मासिकाचा फॉर्म आहे. लेखकांत नाव वाढवता येतं. हयात लेखकांची संमती लागते, आणि हयात मी एकटीच आहे. सही केली आहे. तुझी खाली कर, आणि 'नको गं, आता कशाला' म्हणून परत पाठवू नकोस, मी हडपसरला येऊन बसेन. प्रत्येकाने शोधात काय केलं, असा एक रकाना आहे. तुझ्या नावापुढे मी लिहिलंय : 'शोध लावला.' माझ्या नावापुढे : 'गणपतीच्या रजेवर होते.'