पिवळा रोलर

दि. ९ नोव्हेंबर, सोमवार

चि. धाकोबास,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो, पण तिच्यापेक्षा कमीच.

काल तुझं उद्यान पाहून आलो. 'सरित्सौरभ'! हे नाव कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं? बाबा कातडी कमावायचे त्या कारखान्यामागची ती नदी. शाळेत आपल्या शेजारी कुणी बसत नसे ते याच सौरभामुळे. जन्मभर पोरांना समास शिकवले, पण हा सोडवताना नाकाला रुमाल लावावा लागला. बाकी आराखडा झकास हो! हिरवळ, बाकं, काठावरचे दिवे, सगळं देखणं. उद्घाटनाआधीच लोकांना आत सोडताय, आणि लोक खूश आहेत. मला मात्र तिथे फार वेळ थांबवलं नाही. वय असेल.

बाबा बरोबर होते. 'धाकट्याने काय केलंय ते बघू तरी' म्हणून सकाळीच दाढी करून तयार.

कारखाना पाडून तू त्यातला कातडी दाबायचा एक रोलर मधोमध ठेवलायस. पिवळाधमक. वर पाटी: 'इतिहासाला हात लावा.' एका तरुणाने कोपरापर्यंत हात दोन रुळांमध्ये घातला आणि खोटं खोटं किंचाळला. बायको फोटो काढत होती.

"अजून जोरात ओरड ना! खरं वाटलं पाहिजे."

मागे हसऱ्या माणसांची रांग. बाबांनी डावा हात खिशात घातला. "चल," म्हणाले.

बाबांची बोटं दारात सापडून गेली, असं तुला सांगितलं होतं. तू चार वर्षांचा, सावलीलाही भिणारा. पुढे घरात तेच दार चालू राहिलं. बाबांनाही ते सोयीचं वाटू लागलं. दार नव्हतं रे. हाच रोलर.

तुला ठाऊक नव्हतं. त्यामुळे तुझ्यावर रागावताही येईना. नुसती किळस उरली, त्या रंगाची, त्या हसण्याची. घरी येऊन दोनदा हात धुतले.

येत्या रविवारी उद्घाटनाला पहिला फोटो बाबांचा, रोलरपाशी, असं तू कळवलंयस. मी म्हटलं, "बाबा, नको म्हणून सांगा त्याला."

"असू दे. पोराची हौस आहे," ते म्हणाले. "उजवा हात घालीन."

ते धूड रविवारच्या आत हलव. नाहीच हलवता आलं, तर घरी येऊन बाबांसमोर बैस आणि हे सगळं तुला कळलंय, असं त्यांना सांग. निरोप मी पोचवणार नाही.

आजपासून तुला मोठा समजणारा,
दादा