धम्माचं वजन आणि माझं टाइमटेबल

२ जून २००८, सकाळ
धम्माने विचारलं, मम्मी, समद्यांची भाकर मला का चालत न्हाई? मी बी.एस्सी., माहेरी-सासरी मिळून पहिली पदवीधर, क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. पण चार वर्षांच्या लेकराला पटेल असं काही सुचेना. नांदेडचे डॉक्टर म्हणाले, सिलिअ‍ॅक आहे, गव्हाने आतडी बिघडतात, गहू जन्मभर बंद, कणभरही नको. ज्वारीची अ‍ॅलर्जी वेगळी. खाल्ली की अंगभर पित्त उठतं. वजन अकरा किलो. सहा आठवड्यांत अर्धा किलो वाढलं पाहिजे.
मी दीड वाढवणार.

३ जून
टाइमटेबल भिंतीला लावलं. लातूर पॅटर्नने मुलं डॉक्टर होतात, मग एक मूल जाड का होऊ नये? दिवसाला सात खाणी. रविवारी टेस्ट, म्हणजे वजन. ‘पाकिटावरचं वाचणे’ असा वेगळा कॉलम. जबाबदारी : मी.

५ जून
तांदळाची भाकरी तव्यावर मोडली. तुकडे गोळा करून ‘नवा उपमा’ म्हणून वाढला. धम्मा म्हणाला, आजीला थापायला सांग.

९ जून
गुंडप्पांच्या गिरणीत गव्हाचं पीठ उडतं, म्हणून तांदूळ घरी मिक्सरवर दळले. सासूबाई म्हणाल्या, लेकरू धष्टपुष्ट व्हायच्या आधी मिक्सर मरंल.
मेला.

१५ जून, रविवार
वजन अकराच. पोट फुगलेलं, जुलाब चालूच. पचनासाठी फोडणीतला हिंग दुप्पट केला. विज्ञान आणि परंपरा यांचा संगम.

२२ जून
दहा किलो नऊशे. काटा बिघडला असावा. वाण्याच्या काट्यावर नेलं : दहा आठशे. आपलाच काटा बरा.

२४ जून
संशय. सासूबाई धम्माला मांडीवर घेऊन भरवतात. पदराआड काय देतात? विचारलं. म्हणाल्या, भूकंपात तंबूत बसून लोकांनी दिलेल्या तांदळावर तुझा नवरा वाढवला मी. नातवाला काय इख घालंन का?
उत्तर भावनिक आहे, मुद्द्याचं नाही. आजपासून मीच भरवणार.

२ जुलै
धम्मा माझ्या हातून चार घास खातो आणि दाराकडे बघतो. दाराशी सासूबाई. रामकिशन म्हणाला, तू लेकराला जेवू घालून राहिलीस का पेपर सोडवून घेऊन राहिलीस?
नवऱ्याच्या टोमण्यांसाठी टाइमटेबलमध्ये वेळ नाही. हिंग थोडा आणखी.

१३ जुलै
वजन साडेदहा किलो. आज कारण सुचत नाही.

१४ जुलै, नांदेड
डॉक्टरांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे-पाकिटं आणायला सांगितली होती. टेबलावर ओळीने मांडली. त्यांनी हिंगाची डबी उचलली, माझ्याच हातात दिली. म्हणाले, वाचा मॅडम, मोठ्याने.
घटक : डिंक, गव्हाचे पीठ, हिंग.
अक्षर फार बारीक आहे.

१४ जुलै, परतीची बस
धम्मा मांडीवर झोपलाय. हाताला बरगड्या लागतात. घरी काय सांगायचं? ‘बाजारातल्या मालाचं काही खरं नाही’ एवढं पुरेल. बाकी वातावरण बघून, आठ दिवसांनी.

१५ जुलै, सकाळी साडेआठ
आठ दिवस निघाले नाहीत. काल चपला काढायच्या आधीच उंबऱ्यात सासूबाईंना बोलून गेले : आत्याबाई, तुम्ही नाही, मीच रोज त्याला गहू घालत होते, हिंगातून.
त्या म्हणाल्या, हाव का? मला वाटलं माझ्याच हाताला काई तरी ऱ्हातंय. रोज राखेनं हात घासून राहिले मी.
त्यांचे हात बघितले. बोटांची सालं निघालीत.
आज सकाळी वरण-भाताची वाटी त्यांच्या हातात दिली, धम्माला त्यांच्या मांडीवर बसवलं आणि मागे न बघता क्लासला निघून आले. हे स्टाफरूममध्ये लिहितेय. एव्हाना जेवण झालं असेल.